बुडापेस्टमधला एक शुक्रवार

सुक्कोथचा सण आटोपल्यावर आम्ही पाच जण व्हिएन्नाहून भाड्याची गाडी घेऊन निघालो. प्राग, व्हिएन्ना झालं होतं, आता हंगेरीची राजधानी. निघताना आमच्या अश्दोदच्या बिल्डिंगमधल्या हंगेरियन आजींनी एक लहानसा दगड हातात दिला होता. त्यांच्या बाल्कनीतल्या कुंडीतला. "बुडापेस्टला ठेवा, वडिलांसाठी." वडिलांना 1944 च्या हिवाळ्यात घरातून नेलं, ते परतलेच नाहीत. कबर नाहीच.

व्हिएन्ना ते बुडापेस्ट साधारण 240 किलोमीटर. हंगेरीत हायवेचा टोल गाडीच्या नंबरावर आधीच भरून ठेवावा लागतो. आम्ही तो विसरलो, मग पेट्रोल पंपावर थांबून भरला, तिथंच पाऊण तास गेला. चपात्या आणि चिवडा सोबत होता म्हणून मंडळी गप्प बसली!

गाडी लॉजवर ठेवून आधी बुडाच्या टेकडीवर गेलो. इथे आमचं चुकलंच. वरून दॅन्यूब नदी, 1849 चा साखळी पूल आणि पलीकडे पार्लमेंट असं काही दिसतं की पाय निघत नाही. पार्लमेंटचा घुमट 96 मीटर उंच, कारण हंगेरियन लोक 896 साली या देशात आले असं मानतात. बुडा आणि पेस्ट ही वेगळी गावं होती, 1873 साली ती एक झाली. फोटो काढता काढता दुपार उलटली.

मग धावतपळत डोहान्य रस्त्यावरच्या सिनेगॉगला पोहोचलो, तर दार बंद. शुक्रवारी शब्बाथमुळे ते लवकर बंद होतं, हे आपल्यालाच ठाऊक नसावं? 1859 साली बांधून झालेलं हे युरोपमधलं सर्वांत मोठं सिनेगॉग. दोन कांद्यासारखे मनोरे, आत सुमारे तीन हजार जणांची बैठक, आणि चर्चसारखा ऑर्गनसुद्धा! आपल्या मुंबईच्या शार हारहमीममध्ये कोणी ऑर्गन आणला असता तर काय गोंधळ झाला असता, बोलायलाच नको. थिओडोर हर्झल यांचा जन्म 1860 साली याच्या शेजारच्या घरात झाला. मागच्या रस्त्यावरून कुंपणातून धातूचं झाड दिसतं, पानापानावर मेलेल्यांची नावं. आजींच्या वडिलांचं नाव शोधायला आत जाताच येईना. दगड खिशातच.

सूर्य कलायला लागला होता. भाऊ म्हणाले, "नदीवर चला, झपझप." पार्लमेंटपासून थोड्या अंतरावर काठावर लोखंडी बुटांचे साठ जोड ठेवलेले आहेत, 2005 साली. ॲरो क्रॉसच्या लोकांनी यहुद्यांना काठावर उभं करून बूट काढायला लावले, कारण बुटांना किंमत होती, आणि गोळ्या घालून नदीत टाकलं. पाटी तीन भाषांत आहे, त्यात हिब्रूही. हंगेरियनचं एक अक्षर कळत नव्हतं, ही मात्र आम्ही मोठ्यानं वाचली.

खरं सांगायचं तर वाचकहो, कोकणात आपल्या वाडवडिलांना असं काही सोसावं लागलं नाही. इस्राएलात सायरन वाजला की आपणही उभे राहतो, पण हे दुःख दुसऱ्यांच्या घरचं, असं मनात कुठेतरी असतंच. त्या काठावर तसं वाटेना. मिनियानला माणसं नव्हती, म्हणून कद्दिश नाही. भाऊंनी तेहिलीमचा 121 वा अध्याय म्हटला. आम्ही एका पुरुषाच्या बुटात दगड ठेवला आणि दिवे लावायच्या वेळेच्या आत लॉजवर परतलो.

शनिवारी रात्री आजींना फोन केला. सिनेगॉग बंद होतं ते ऐकून काही बोलल्या नाहीत.

"कोणत्या बुटात ठेवलात?" एवढंच विचारलं.

"मोठ्या बुटात, आजी. पुरुषाच्या."

"बरं केलंत. पपांचे पाय मोठेच होते."