दगडी तुळई आणि खांबांची दाटी

बीडच्या कंकालेश्वर मंदिरात सहल गेली की मुलांचे लक्ष पाण्यात उभ्या असलेल्या देवळाकडे, त्याच्या चांदणीसारख्या तळाकडे आणि भिंतीवरच्या मूर्तींकडे जाते. मंडपात इतके खांब कशासाठी, हे सहसा कोणी विचारत नाही. इजिप्तमधील कर्नाकच्या मंदिराचे चित्र पाहतानाही हाच प्रश्न पडायला हवा. तेथील एका मंडपात १३४ खांब आहेत. मधले १२ तर सुमारे २१ मीटर उंच!

कर्नाकचा हा मंडप इसवी सनपूर्व तेराव्या शतकातला, कंकालेश्वर चालुक्य-यादव काळातले. दोन्हींत दोन हजारांहून अधिक वर्षांचे अंतर. तरीही साम्य दिसले की ‘हे तिकडूनच आले असणार’ असे कोणीतरी म्हणतेच. त्याची गरज नाही. दोन्हीकडच्या कारागिरांपुढे अडचण एकच होती, ती म्हणजे दगडाचा स्वभाव.

वर्गात एक खडू घ्या. तो टेबलावर उभा धरून वरून सरळ दाबा; सहज मोडत नाही. आता त्याची टोके दोन पुस्तकांवर टेकवून मधोमध बोटाने दाबा. लगेच तुटेल. आडवी तुळई किंचित वाकली की तिची वरची बाजू दाबली जाते आणि खालची ताणली जाते. दगड दाब उत्तम सोसतो, पण ताण त्याला फारच कमी सोसतो. खालून बारीक तडा गेला की तो वर पोचायला वेळ लागत नाही. शिवाय तुळईला स्वतःचे वजनही पेलायचे असते. जाडी तीच ठेवून दोन खांबांमधले अंतर दुप्पट केले, तर स्वतःच्या वजनाने येणारा ताण चौपट होतो. म्हणून खांब जवळजवळ उभे करावे लागतात.

ही मर्यादा ओलांडली की काय होते, हे गिझाच्या सर्वांत मोठ्या पिरॅमिडमध्ये दिसते. तेथे राजाच्या दालनावर ग्रॅनाइटच्या ९ तुळया आहेत आणि त्यांना सुमारे ५.२ मीटरची रुंदी ओलांडावी लागते. त्या सगळ्यांना तडे गेलेले आहेत. वरचा भार थेट येऊ नये म्हणून कारागिरांनी छतावर एकावर एक पाच पोकळ्या ठेवल्या आणि सर्वांत वर दगड एकमेकांना टेकवून तिरपे उभे केले. छत अजून जागेवर आहे.

त्याच पिरॅमिडमधल्या चढत्या दालनात दुसरी युक्ती आहे. दोन्ही भिंतींचा प्रत्येक थर खालच्या थरापेक्षा काही सेंटिमीटर पुढे काढत नेला, की वर झाकायला अरुंद फटच उरते. आपल्या जुन्या देवळांच्या मंडपातले घुमटाकार छतही असेच असते. आधी चौकोनाचे कोपरे तुळयांनी कापून अष्टकोन करायचा, मग वर्तुळाकार थर पुढे सरकवत मध्यापर्यंत न्यायचे. मुलांना सारख्या आकाराच्या पाच वह्या द्या आणि सर्वांत वरची टेबलाच्या कडेबाहेर पूर्णपणे जाईल अशी रचना करायला सांगा. (वरून मोजत वहीच्या लांबीचा १/२, मग १/४, १/६, १/८ एवढे पुढे काढावे. हे उत्तर आधी सांगू नये!)

कमानीत मात्र ताणाचा प्रश्नच जवळजवळ मिटतो, कारण प्रत्येक दगड शेजारच्यावर नुसता दाबला जातो. इजिप्तच्या लोकांना हे ठाऊक नव्हते असे नाही. रामेसियमच्या कोठारांवर त्यांनी कच्च्या विटांची कमानदार छते घातली, पण दगडी मंदिरात खांब-तुळईच ठेवली. देवाच्या घराची रूढी सहजी बदलत नाही, हेच त्याचे कारण असावे असे मला वाटते. बीडमध्ये दोन्ही पद्धती एका दिवसात दाखवता येतात: कंकालेश्वराच्या तुळया पाहा आणि मग गावातल्या जुन्या वेशींच्या कमानी.

अंबाजोगाईच्या हत्तीखान्यात मात्र सावध राहावे. तिथेही खांब आहेत, पण ते कोणी उभे केलेले नाहीत. अखंड खडक कोरताना ते राखले आहेत. अबू सिंबेलच्या मंदिरातही तसेच. वरचा खडक सलग असल्यामुळे तेथील ‘तुळई’ बरीचशी दिखाऊ असते. बांधलेल्या इमारतीची ओळखीची रूपे कारागिरांनी खडकात कोरली.

शाळेच्या खोलीवर स्लॅब पडणार असेल तर काँक्रीट ओतण्याआधी मुलांना एकदा सळया दाखवाव्यात. दोन भिंतींवर टेकलेल्या स्लॅबमध्ये मधल्या भागातल्या मुख्य सळया खालच्या अंगाला असतात. खडू खालून तडकला होता, ते त्यांना आठवेल.