फळा दिसत नाही, हे सांगणार कोण?

काही वर्षांपूर्वी माझ्या सातवीच्या वर्गात एक मुलगा होता. फळ्यावरील गणिते तो हमखास चुकीची उतरवून घेई. ३ चा ८ होई, बेरजेची वजाबाकी होई. तोंडी विचारले तर मात्र उत्तर बरोबर! मी त्याला वेंधळा म्हणत असे. वहीवर तसा शेराही मारला होता. एक दिवस त्याच्या शेजारी बसणारा मुलगा गैरहजर राहिला आणि त्या दिवशी याच्या वहीचे पान कोरेच राहिले. तेव्हा कुठे उलगडा झाला. तो फळ्यावरून लिहीतच नव्हता. शेजाऱ्याच्या वहीत डोकावून लिहीत होता. "तुला फळा दिसत नाही का रे?" असे विचारले, तर म्हणाला, "दिसतो की, सर."

तो खोटे बोलत नव्हता. त्याला फळा दिसत होता, फळ्यावरील पांढुरक्या रेघाही दिसत होत्या. इतरांना त्या रेघांच्या जागी स्वच्छ अक्षरे दिसतात, हे त्याला कळावे कसे? दात दुखला तर मूल रडते. अंधुक दिसणे दुखत नाही, आणि हळूहळू आलेल्या अंधुकपणाशी ताडून पाहायला दुसरे काही जवळ नसते.

लहान मुलांचेच कशाला, जॉर्ज एअरी या इंग्रज गणितज्ञाची हकीकत ऐका. हा पुढे ग्रिनिच वेधशाळेचा प्रमुख झाला. वाचताना आपण डावा डोळा वापरतच नाही, हे त्याच्या ध्यानात आले ते चांगला वीस वर्षांचा झाल्यावर! त्याने स्वतःच्या डोळ्यावर प्रयोग केले. डोळ्याची वक्रता आडव्या आणि उभ्या दिशेने सारखी नाही, म्हणून प्रकाशबिंदूची प्रतिमा बिंदू न राहता रेघ होते, असे त्याला आढळले. या दोषाला दृष्टिवैषम्य म्हणतात. त्यावर उपाय म्हणून त्याने १८२५ च्या सुमारास एका बाजूने दंडगोलाकार असलेले भिंग करवून घेतले. आज हजारो मुलांच्या चष्म्यांत तसलेच भिंग असते.

माझ्या विद्यार्थ्याचा दोष अधिक साधा होता. जन्मतः नेत्रगोलाची लांबी सुमारे १७ मिलिमीटर असते, मोठेपणी ती सुमारे २४ होते. ही वाढ प्रमाणात झाली तर दूरच्या वस्तूची प्रतिमा नेमकी दृष्टिपटलावर पडते. लांबी एक मिलिमीटरने जरी जास्त झाली, तरी अडीच ते तीन डायॉप्टरचा फरक पडतो. ही निकटदृष्टिता. त्या मुलाचा नंबर उणे २ निघाला. आता गणित करा: १ भागिले २, म्हणजे अर्धा मीटर. अर्ध्या मीटरपलीकडचे सगळे त्याला पुसट. ३० सेंटिमीटरवरचे पुस्तक मात्र स्वच्छ दिसते, म्हणून घरच्यांनाही शंका येत नाही.

दूरदृष्टितेचे उलट आहे. असे मूल डोळ्यातील स्नायूंवर ताण देऊन फळाही वाचते आणि पुस्तकही. पण अर्ध्या तासात डोके दुखते, ओळी सुटतात, वाचन नकोसे होते. मग 'अभ्यासाचा कंटाळा' हे बिरूद त्याला चिकटते.

डोळे बारीक करून पाहणारा मुलगा तुमच्या वर्गात असेल, तर एक गंमत करून पाहा. जाड कागदाला टाचणीने छिद्र पाडा आणि त्यातून त्याला फळ्याकडे पाहायला सांगा. छिद्रातून अगदी अरुंद किरणशलाका आत जाते, त्यामुळे भिंगाचा दोष असला तरी प्रतिमा फारशी पसरत नाही. पुसट अक्षरे एकदम स्पष्ट झाली, तर बहुधा चष्म्याने काम भागणार. डोळे बारीक करून तो नकळत हेच करत असतो.

पण जो डोळेही बारीक करत नाही, त्याचे काय? त्यासाठी मोजमापच हवे. हर्मन स्नेलेन या डच नेत्रवैद्याने १८६२ साली अक्षरांचा तक्ता केला, तोच अजून दवाखान्यात टांगलेला असतो. सहा मीटरवरून ८.७ मिलिमीटर उंचीचे अक्षर ओळखणारा डोळा ६/६. शाळेतील चाळणीसाठी ६/९ ची ओळ पुरते. तिचे अक्षर १३.१ मिलिमीटर उंच. आलेख कागदावर मात्र १५ मिलिमीटरचा चौरस काढणे सोपे. त्यात तीन-तीन मिलिमीटर जाडीच्या रेघांनी इंग्रजी 'ई' काढा, काळ्या शाईने भरा आणि सुमारे ६.९ मीटरवर भरपूर उजेडात धरा. हे अंतर कसे आले ते त्रैराशिकाने तुम्हीच शोधा. एक डोळा तळहाताने झाका, पण दाबू नका. बोटांच्या फटीतून बघण्याची लबाडी फार चालते! ई चारदा फिरवून दाखवा आणि तिचे दात कोणीकडे ते हाताने दाखवायला सांगा. नुसत्या अंदाजाने चारही उत्तरे बरोबर येण्याची शक्यता २५६ त एक. मग दुसरा डोळा. कुठल्याही एका डोळ्याची उत्तरे चुकली, तर नेत्रतज्ज्ञाकडे पाठवायचे. नंबर ठरवणे आपले काम नव्हे. शिवाय दूरदृष्टिता या चाळणीतून निसटते. डोकेदुखी असेल तर ई ओळखता येऊनही डॉक्टरांना दाखवावे. ते बाहुली मोठी करणारे थेंब घालून तपासतात, त्यामुळे डोळ्याला ताण देऊन फसवता येत नाही.

त्या मुलाच्या प्रकरणाने मी खजील झालो होतो. म्हणून आम्ही शाळेतील सगळेच वर्ग असे तपासले. आठवीत एक मुलगी होती, वाचनात पहिली. उजव्या डोळ्याने तिने ई झटपट ओळखली. तो झाकल्यावर मात्र ती गप्प उभी राहिली आणि म्हणाली, "सर, कागद कुठे आहे?"

तिचा डावा डोळा दिसायला अगदी निरोगी. पण त्याचा नंबर लहानपणापासून मोठा होता आणि कोणी पाहिला नव्हता. दोन डोळ्यांतून एक स्पष्ट आणि एक पुसट अशी चित्रे येत राहिली की मेंदू पुसट चित्र बाजूला सारतो, आणि त्या डोळ्याशी त्याची जोडणी कच्ची राहते. ह्यूबेल आणि वीझेल या शास्त्रज्ञांनी मांजराच्या पिल्लाची एक पापणी काही काळ शिवून ठेवली होती. पापणी उघडल्यावर डोळा ठीक होता, पण मेंदूतील पेशी त्याला दाद देईनात. मोठ्या मांजराच्या बाबतीत असे घडले नाही. दृष्टीवरील संशोधनासाठी त्यांना १९८१ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

अशा डोळ्याला 'आळशी डोळा' म्हणतात. मला ते नाव अन्यायाचे वाटते. उपचार म्हणजे आधी चष्मा, आणि मग चांगल्या डोळ्यावर पट्टी बांधून दुबळ्याला कामाला लावणे. दोष मध्यम असेल तर रोज दोन तासांची पट्टी सहा तासांइतकीच उपयोगी ठरते, असे अमेरिकेतील चाचण्यांत दिसले. सात वर्षांच्या आत गुण चांगला येतो. त्यानंतरही काहींना येतो, पण कमी.

चष्म्याने नंबर वाढतो, ही समजूत मात्र सोडा. नंबर वाढतो तो डोळा वाढतो म्हणून. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात चीनमधील २५२ शाळांतील गरजू मुले घेतली होती. ज्यांना मोफत चष्मे मिळाले, त्यांना वर्षअखेर गणितात इतरांपेक्षा जास्त गुण पडले. ग्वांगझू शहरात रोज ४० मिनिटे जादा उघड्यावर घालवणाऱ्या मुलांपैकी तीन वर्षांत ३०.४ टक्के मुलांना निकटदृष्टिता आली, इतरांत ३९.५ टक्के. तेव्हा खेळाचा तास गणिताला देणाऱ्या शिक्षकांनी (मीही त्यातलाच) विचार करावा. आणि एक: अक्षरांची उलटापालट करणाऱ्या प्रत्येक मुलाचे डोळे अधू नसतात. वाचनाची अक्षमता, जिला डिस्लेक्सिया म्हणतात, ती मेंदूच्या भाषाव्यवहाराशी निगडित आहे. डोळे तपासून घ्यावेत, पण डोळ्यांच्या व्यायामाने ती बरी करतो म्हणणाऱ्यांना पैसे देऊ नयेत.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली पालघर येथून सुरू झाला. त्यात शासकीय व अनुदानित शाळांत वर्षातून एकदा आणि अंगणवाडीत दोनदा आरोग्यपथकाने तपासणी करावयाची असते. पथक येईल तेव्हा 'डोळे ठीक आहेत' असे सांगून रांग पुढे ढकलू नका. एकेक डोळा झाकून घ्या म्हणा.

त्या मुलीला चष्मा आणि पट्टी मिळाली. तक्त्यावरच्या दोन ओळी ती वर सरकली, त्यापुढे नाही. तिची आई दुसऱ्याच दिवशी धाकट्या मुलाला घेऊन शाळेत आली. तो पाच वर्षांचा होता आणि त्याला ई म्हणजे काय ते ठाऊक नव्हते. आम्ही त्याला सांगितले, हा कंगवा आहे, दात कोणीकडे ते दाखव. डावा डोळा झाकल्यावर त्याने चारही वेळा बरोबर दाखवले. मग आम्ही उजवा झाकला, आणि तो कागदाच्या दिशेने चालू लागला.