नकाराची तालीम

न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील विस्तीर्ण वनस्पती-उद्यानात, बाकावर एकटी बसलेली तरुणी दिसली की तिच्या शेजारी जाऊन बसावयाचे आणि एका मिनिटाच्या आत तोंड उघडावयाचेच, असा हुकूम अल्बर्ट एलिस नावाच्या 19 वर्षांच्या, कमालीच्या भिडस्त मुलाने गेल्या शतकाच्या चौथ्या दशकात स्वतःवरच बजावला होता. त्याने पुढे सांगितलेल्या हकिकतीप्रमाणे महिनाभरात अशा 130 तरुणी त्याला भेटल्या. त्यांतील 30 जणी तत्काळ उठून गेल्या, उरलेल्या 100 जणींशी थोडेफार बोलणे झाले, एकीने पुन्हा भेटण्याचे कबूल केले, आणि तीही ठरल्या वेळी आली नाही. व्यवहाराच्या हिशेबाने हा सारा मामला बुडीत खात्यातला. परंतु नकार ऐकून कोणी मरत नाही, एवढी गोष्ट त्याच्या अनुभवास आली आणि वर्षानुवर्षांची धास्ती पुष्कळशी ओसरली. (अनोळखी स्त्रियांना गाठण्याचा हा मार्ग आजच्या वाचकाने गिरवू नये, हे सांगणे न लगे, घेण्याजोगे आहे ते त्यामागील धोरण.)

हाच एलिस पुढे मानसशास्त्रज्ञ झाला, आणि 1955 साली त्याने जी उपचारपद्धती मांडली तिला मराठीत विवेकनिष्ठ मानसोपचारपद्धती म्हणतात, कि. मो. फडके यांनी एलिसशी दीर्घकाळ पत्रव्यवहार करून आणि मराठीत लेखन करून ती आपल्याकडे रुजविली. तिचे मूळ एपिक्टेटस या स्टोइक तत्त्वज्ञाच्या विचारात आहे: मनुष्याला अस्वस्थ करते ती घटना नव्हे, तर घटनेविषयीची त्याची धारणा. स्पर्धा परीक्षेच्या यादीत नाव नसलेला तरुण 'निकालामुळे खचलो' असे म्हणतो, तेव्हा निकाल आणि खचणे यांच्या दरम्यान त्याने मनोमन उच्चारलेले एक वाक्य त्याच्या ध्यानातच आलेले नसते: 'मला यश मिळायलाच हवं होतं, मिळालं नाही, म्हणजे मी कुचकामी.' यशाची इच्छा रास्त आहे. पण त्या इच्छेचे जगाच्या नावे काढलेले फर्मान झाले, आणि फर्मान मोडले गेल्याची शिक्षा मात्र काढणाऱ्याने स्वतः भोगली, असा हा विलक्षण न्याय आहे. आत्मभान म्हणजे तासन् तास अंतर्मुख होऊन बसणे नव्हे. ते एक वाक्य पकडून त्याची तहकिकात करणे, यश मिळालेच पाहिजे असा नियम कोणी केला आणि एका निकालावरून सबंध माणूस कुचकामी ठरतो याला पुरावा काय, असे विचारणे, हे त्याचे खरे काम. तहकिकातीनंतरही दुःख उरतेच, आणि ते उरावे. नाहीशी व्हावयाची ती हताशा, कारण दुःखी माणूस पुन्हा अभ्यासाला बसू शकतो, हताश माणसाला ते जमत नाही.

तरुणांच्या मेळाव्यांतून आत्मविश्वासाची जी आतषबाजी चालते, तिच्याविषयी मला म्हणूनच फारसा आदर वाटत नाही. स्वतःला थोर समजण्याची सवय यशाच्या आधारावर उभी असते, आणि तो आधार सुटला की तीच सवय उलटते. म्हणून एलिसने आत्मप्रौढीपेक्षा स्वतःचा विनाअट स्वीकार श्रेष्ठ मानला: कृतीचे मूल्यमापन खुशाल करावे, कर्त्याला मात्र गुण देऊ नयेत.

परंतु केवळ विचाराने स्वभाव पालटत नाही. बाकावर जाऊन बसावेच लागते. सवय किती दिवसांत अंगवळणी पडते याचा अभ्यास लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 96 जणांवर केला आणि तो 2010 साली प्रसिद्ध झाला. न्याहारीनंतर किंवा जेवणाआधी अशा ठराविक प्रसंगाला जोडून एखादी लहानशी कृती रोज करावयाची, अशी योजना होती. ती आपोआप घडू लागण्यास मध्यकाच्या हिशेबाने 66 दिवस लागले, आणि व्यक्तीव्यक्तीचा अंदाज मात्र 18 पासून 254 दिवसांपर्यंत पसरलेला निघाला. एकवीस दिवसांत आयुष्य पालटून देण्याचे दाखले वाटणाऱ्यांनी हे आकडे पाहावेत. याहून मोलाचा निष्कर्ष असा की एखाद्या दिवशी खंड पडल्याने घडत आलेली सवय विशेष बिघडत नाही. 'रोज पाळलंच पाहिजे' या फर्मानामुळे एका चुकल्या सकाळीच व्यायामाचा बेत कायमचा सोडणाऱ्यांनी हे विसरू नये. प्रारंभ कोठून करावा म्हणाल तर झोपेपासून: प्रौढास रात्री किमान सात तास झोप हवी, आणि जागरणाने थकलेल्या मेंदूकडून विवेकाची अपेक्षा करणे व्यर्थ आहे.

हे सारे स्वप्रयत्नाच्या कक्षेतले. झोप, भूक आणि कामातील गोडी दोन आठवड्यांहून अधिक काळ हरपली असेल, किंवा जगणे नकोसे वाटू लागले असेल, तर तो प्रश्न डॉक्टरांचा आहे, आणि त्यांच्याकडे जाण्यात कमीपणा नाही. केंद्र सरकारने ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू केलेल्या टेली-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक रात्रंदिवस विनामूल्य चालू असतो, आणि तेथे मराठीतून बोलता येते.