समुद्राच्या पाण्याचें मत्स्यालय घरीं कसें मांडावें

हल्लीं तालुक्याच्या गांवींहि प्रवाळखडकाचा देखावा असलेली खाऱ्या पाण्याची टांकी घरीं असावी, अशी हौस दिसूं लागली आहे. पैसे देऊन सामान एका दिवसांत घरीं येतें. परंतु पुष्कळदां पहिल्याच महिन्यांत मासे एकामागून एक मरतात, आणि दोष नशिबास दिला जातो. वास्तविक तो दोष घाईचा असतो. न कुजलेलें शेणखत पिकास घालूं नये, हें ज्यास कळतें, त्यास या टांकीचें मर्म समजण्यास अडचण पडूं नये. म्हणून हा विषय आम्ही या मासिकांत घेतला आहे.

प्रथम कायद्याची बाब सांगितली पाहिजे. खडक बांधणारीं सर्व प्रवाळें, काळें पोवळें, समुद्रपंखे आणि समुद्रघोडे हे वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ याच्या पहिल्या अनुसूचींत २००१ सालीं घालण्यांत आले आहेत. मालवणच्या किनाऱ्यावरून जिवंत प्रवाळाचा तुकडा आणणें हा गंभीर गुन्हा असून, या अनुसूचीच्या बाबतींत तीन ते सात वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा सांगितली आहे. दुकानदार “सर्वच ठेवतात” असें म्हणेल. परंतु तें म्हणणें पंचनाम्याच्या वेळीं उपयोगी पडत नाहीं. यास्तव आपल्या टांकींत चुनखडीचे किंवा कारखान्यांत केलेले सच्छिद्र कोरडे दगड, समुद्रशेवाळ, मासे, झिंगे व शिंपल्यांचे गोगलगाई एवढाच परिवार ठेवावा. देखावा त्यानेंहि उत्तम साधतो. कोणत्याहि प्राण्याविषयीं संशय असल्यास वनखात्याच्या कचेरींत आधीं विचारावें व खरेदीची पावती जपून ठेवावी.

टांकी लहान घेण्यांत काटकसर नाहीं. थोड्या पाण्यांत उष्णता व क्षार झपाट्यानें बदलतात. मोठ्या सांठ्यांत ते सावकाश बदलतात. चार फूट लांब, दीड फूट रुंद व दीड फूट उंच अशी टांकी नवशिक्यास योग्य होय. तींत काठोकाठ सुमारें २५५ लिटर पाणी मावतें. दगड व वरची मोकळी जागा वजा जातां २०० लिटर धरावें. कांच, दगड व पाणी मिळून वजन तीनशें किलोंच्या वर जातें, म्हणून घडवंची भक्कम असावी आणि ती पाणसळीनें तपासावी. टांकी खिडकीच्या उन्हांत ठेवूं नये. दगड प्रथम तळाच्या कांचेवर पक्के बसवावे व मग वाळू घालावी. उलट केल्यास वाळू उकरणारे प्राणी दगड ढासळवितात.

पाण्याच्या बाबतींत आमच्या बंधूंचा एक गैरसमज होण्याचा संभव आहे. आपल्या विहिरीचें पाणी खारट आहे, तेंच चालेल, असें कोणी म्हणेल. तें चालत नाहीं. समुद्राच्या एका लिटरांत सुमारें ३५ ग्रॅम क्षार असतात; त्यांत तीन चतुर्थांशाहून कांहींसें अधिक साधें मीठ, व बाकी मॅग्नेशियम, सल्फेट, चुना, पालाश इत्यादि ठराविक प्रमाणांत असतात. विहिरीच्या खारटपणांत हें प्रमाण नसतें. शिवाय खतांतला नत्र त्यांत उतरलेला असला तर शेवाळ माजतें. स्वयंपाकाचें मीठहि निरुपयोगी, कारण मिठागरांत मीठ धरतांना मॅग्नेशियमचे क्षार बहुतेक मागच्या कडू पाण्यांत राहतात. याकरितां आर. ओ. यंत्राचें पाणी वेगळ्या पिंपांत घेऊन त्यांत मत्स्यालयासाठीं तयार मिळणारे क्षार विरघळवावे. २०० लिटरांस सात ते आठ किलो लागतात. पंपानें एक दिवस ढवळून विशिष्टगुरुत्व १.०२५ च्या आसपास आल्यावर तें पाणी टांकींत सोडावें.

आतां मुख्य गोष्ट. माशांच्या मलमूत्रापासून व उरलेल्या अन्नापासून अमोनिया होतो व तो माशांस विषासारखा असतो. शेतांत हाच अमोनिया जीवाणु खातात; एक जात त्याचें नायट्राइट करते, दुसरी त्या नायट्राइटचें नायट्रेट करते. हें काम सजीवांचें आहे, असें १८७७ सालीं फ्रान्समध्यें श्लोझिंग व म्युंत्झ यांनीं दाखविलें. टांकीच्या दगडांतहि हेच जीवाणु वसवावयाचे असतात, आणि त्यांस वेळ लागतो.

म्हणून पंप व हवा चालू करून, मासे न घालतां, शुद्ध नवसागर पाण्यांत विरघळवून टाकावा. २०० लिटरांस सव्वा ग्रॅम घातल्यास लिटरमागें सुमारें दोन मिलिग्रॅम अमोनिया होतो. एक दिवसाआड तपासणी करावी. प्रथम अमोनिया उतरतो व नायट्राइट चढतें. पुढें तेंहि उतरतें. चार ते सहा आठवड्यांनीं तितकाच नवसागर पुन्हां घालून पाहावें. चोवीस तासांत दोन्ही शून्यावर आलीं, म्हणजे जमीन तयार झाली असें समजावें. मधल्या काळांत तपकिरी व नंतर हिरवा थर आला तर भिऊं नये. शेवटीं निम्मे पाणी बदलून सांठलेलें नायट्रेट कमी करावें.

यानंतर दोनच मासे सोडावे. पैदास केलेला विदूषक मासा सर्वांत बरा. मंडपम् व विळिंजम् येथील केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या केंद्रांत त्याची पैदास साधली आहे. पिशवींतील पाण्यांत टांकीचें पाणी तासभर थेंबथेंब मिसळून मगच मासे सोडावे. पुढचा मासा तीन-चार आठवड्यांनीं. अन्न दोन मिनिटांत संपेल एवढेंच घालावें.

रोजच्या कामांत बाष्पीभवनावर लक्ष ठेवावें. पाणी उडतें, क्षार मागें राहतात. नीरा कालव्याखालच्या जमिनी ज्या रीतीनें खारावल्या, त्याच रीतीनें टांकी खारावते. म्हणून उडालेल्या पाण्याची भर नेहमीं गोड्या पाण्यानेंच करावी, खाऱ्यानें नव्हे. आठवड्यास एक दशांश पाणी मात्र तयार खाऱ्या पाण्यानें बदलावें. उष्णमान २४ ते २७ अंश ठेवावें. उन्हाळ्यांत टांकीवर पंखा फिरवल्यानें दोन-तीन अंश उतरतात. वीज गेली कीं पंप थांबतो व प्राणवायु घटूं लागतो. यास्तव बॅटरीवर चालणारा हवेचा पंप पहिल्या दिवसापासून जवळ असावा.

एक वही घालावी. तारीख, उष्णमान, विशिष्टगुरुत्व, अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट व शेरा असे रकाने आंखून पीकपाहणीप्रमाणें नोंद ठेवावी. पाणी डोळ्यांस स्वच्छ दिसतें, तरी त्यांत विष असूं शकतें. तें आंकड्यांतच दिसतें. ज्यास दोन महिने रिकाम्या टांकीकडे पाहत बसण्याचा धीर नसेल, त्यानें या हौसेंत पैसा घालूं नये, हेंच त्याच्या व मुक्या जीवांच्या हिताचें आहे. ज्यास तो आहे, त्याच्या मुलांस मात्र आपल्या शेताच्या मातींत अदृश्यपणें चालणारें काम कांचेआड स्पष्ट पाहावयास मिळेल.