चांदीचा खो!

साताऱ्याहून यवतेश्वरचा घाट पळत चढून बघा. छातीत काय होतं? धडधड, धडधड!

आता एक गंमत सांगते. ही प्रत्येक धडधड विजेमुळे होते. हो हो, विजेमुळे! हृदयाच्या वरच्या भागात पेशींचा एक इवलासा पुंजका असतो. तो आपणहून विजेचा इशारा देतो. इशारा हृदयभर पसरतो आणि हृदय आवळतं. मग पुन्हा इशारा, पुन्हा धडधड. तुम्ही ढाराढूर झोपलात तरी त्याला सुट्टी नाही!

ही वीज कातडीपर्यंतही पोचते. पण किती, ओळखा पाहू? भिंतीवरच्या घड्याळात दीड व्होल्टचा सेल असतो ना? त्या दीड व्होल्टचे दीड हजार भाग करा. त्यातला जेमतेम एक भाग!

एवढीशी वीज पकडायची कशी? चला, मिरजेला जाऊ. सांगली जिल्ह्यातलं हे गाव दवाखान्यांसाठी प्रसिद्ध. डॉ. वॉन्लेस यांनी इथे १८९४ साली मिशन हॉस्पिटल सुरू केलं. आजही लांबलांबून, अगदी कर्नाटकातूनही पेशंट मिरजेला येतात. अतिदक्षता विभागातल्या पेशंटच्या छातीवर गोल गोल पांढरे स्टिकर दिसतात. प्रत्येकाच्या मधोमध एक टिचबटण! त्यात वायर टिचकन बसते आणि पडद्यावर हिरवी रेघ उड्या मारू लागते.

स्टिकर उलटा केला तर? मधे ओला, गार, बुळबुळीत जेलचा ठिपका. त्या जेलमध्ये मीठ असतं. आणि त्यामागच्या बटणावर चक्क चांदीचा पातळ थर! विट्याकडची कितीतरी माणसं गलाईच्या धंद्यासाठी, म्हणजे सोनं-चांदी गाळायला, देशभर गेली आहेत ना? तीच ही चांदी!

पण मीठ कशाला? चांदी कशाला?

अहो, खरी मजा इथेच आहे. आपलं शरीर आतून खारट. घाम चाटून बघा! शरीरात वीज वाहून नेतात ते मिठाचे विद्युतभारित कण. वायरमध्ये मात्र पळतात इलेक्ट्रॉन. मिठाच्या कणांना वायरमध्ये शिरता येत नाही. इलेक्ट्रॉनना खारट पाण्यात पोहता येत नाही. मग अडलं की घोडं!

इथे चांदी खो-खो खेळते. मिठातला क्लोराइड नावाचा कण पळत येतो आणि चांदीला चिकटून बसतो. ‘खो!’ त्याच क्षणी एक इलेक्ट्रॉन उठतो आणि वायरमधून सुसाट! वीज उलटी फिरली की क्लोराइड उठतो, इलेक्ट्रॉन बसतो. एका सेकंदात असे अगणित खो, आणि एकही फाऊल नाही!

पूर्वी असले स्टिकर नव्हते. नेदरलँड्समध्ये विलेम आइंटहोवेन नावाचे शास्त्रज्ञ होते. हृदयाची वीज मोजायला ते पेशंटला दोन्ही हात आणि डावा पाय मिठाच्या पाण्यात बुडवून बसवायचे! त्यांच्या यंत्राचं वजन होतं सुमारे २७० किलो. ते चालवायला पाच माणसं लागायची. यंत्राच्या पोटात एक अतिशय बारीक तार, तिच्यावरही चांदीचा मुलामा. हृदयाची वीज आली की तार थरथरायची. सतारी घडवणाऱ्या मिरजेला ही तार नक्की आवडली असती! १९२४ चं नोबेल मिळालं आइंटहोवेन यांना.

स्टिकर लावताना सिस्टर आधी कातडी पुसून घेतात, कारण वरची कोरडी, मेलेली कातडी वीज अडवते. आणि ‘हलू नका हं!’ असंही बजावतात. का? अहो, स्नायूंनाही वीज असते. पेशंट खुदकन हसला की रेघ लगेच दातेरी होते!

आता उलटी गंमत. फिजिओथेरपीवाल्या ताईंकडेही पट्ट्या असतात. बऱ्याचदा काळ्या, कार्बन मिसळलेल्या रबराच्या. त्या वीज घेत नाहीत, देतात! अगदी हलकी, मोजून मापून. दुखऱ्या पाठीला आधी मुंग्या आल्यासारखं वाटतं. हाताच्या स्नायूवर लावून जोर थोडा वाढवला, की बोट टुणकन उडतं. तुम्ही त्याला ‘ऊठ’ म्हटलेलंच नसतं!