जुनी होडी पुन्हा पाण्यात

घरातील एखादी वस्तू जुनी झाली, की आपल्यापुढे दोन मार्ग असतात. ती मोडीत काढावी किंवा दुरुस्त करून पुन्हा वापरात आणावी. सायकल, घड्याळ, शिवणयंत्र यांच्या बाबतीत हे आपण नेहमी पाहतो. पण काही हौशी लोक घराच्या अंगणात चक्क जुनी मोटारहोडी दुरुस्त करतात. हे काम कसे चालते, ते या पाठात पाहू.

होडीच्या मागच्या बाजूला अडकवता येईल आणि काम झाल्यावर काढून ठेवता येईल, असे लहान इंजिन अमेरिकेत ओल एव्हिन्रूड याने १९०९ साली विक्रीस आणले. तो मूळचा नॉर्वेचा. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत आणि युरोपात लहान लाकडी मोटारहोड्यांची हौस फार वाढली. पुढे फायबरच्या होड्या आल्या आणि लाकडी होड्या मागे पडल्या. कोणी त्या गॅरेजमध्ये ठेवल्या, तर कोणी झाडाखाली टाकून दिल्या. आज तिकडचे हौशी लोक त्याच होड्या शोधून घरी आणतात.

अशा होडीचा शत्रू कोण? तुम्ही म्हणाल, समुद्राचे खारे पाणी. पण लाकूड कुजवणारी बुरशी खाऱ्या पाण्यात सहसा वाढत नाही. तिला पावसाचे गोडे पाणी आवडते. उघड्यावर पडलेल्या होडीत हे पाणी साचते, सांध्यांत मुरते आणि लाकूड आतून कुजू लागते. समुद्रातही लाकडाला एक शत्रू असतोच. दिसायला तो किड्यासारखा असतो, पण आहे शिंपल्याच्या कुळातला. तो लाकूड पोखरत जातो. म्हणून होडीच्या तळाला नेहमी संरक्षक लेप लावावा लागतो.

होडी घरी आणली, की प्रथम तिला सर्व बाजूंनी सारखा आधार देतात. आधार कमी-जास्त झाला, तर होडीचा कणा वाकतो. वाकलेली होडी पाण्यात सरळ चालत नाही.

त्यानंतर तपासणी सुरू होते. लाकडी हातोडीने प्रत्येक फळीवर हलके ठोकतात. चांगले लाकूड खणखणीत वाजते, तर कुजलेल्या लाकडातून बोदा आवाज येतो. जिथे शंका येते, तिथे आरीचे टोक टोचून पाहतात. टोक लोण्यात शिरावे तसे आत गेले, तर ती फळी निकामी झाली असे समजावे. वरचा रंग चांगला दिसला, तरी त्यावर भरवसा ठेवता येत नाही. कित्येकदा रंगाखालचे लाकूड केव्हाच संपलेले असते. भर पाण्यात अशी फळी फुटली, तर माणसांच्या जिवावर बेतते.

खराब फळी काढताना ती फेकून देत नाहीत. तिचाच नमुना ठेवून नवी फळी कापतात. फळ्या जोडण्यासाठी तांब्याचे किंवा ब्राँझचे खिळे व स्क्रू वापरतात. साध्या लोखंडाला गंज चढतो. गंजलेला खिळा फुगतो आणि भोवतालचे लाकूड फोडतो.

दोन फळ्यांमधील फटीत सुताचा पीळ ठासून भरतात व वरून लांबी लावतात. पण पीळ फार घट्ट भरून चालत नाही. पाण्यात गेल्यावर लाकूड फुगते. त्याला फुगायला जागा मिळाली नाही, तर आतल्या फासळ्यांवर ताण येऊन त्या मोडू शकतात.

यानंतर पॉलिशपेपरने घासणे आणि रंग देणे ही कामे येतात. जुन्या रंगात शिसे असू शकते. त्याची धूळ श्वासाबरोबर शरीरात जाऊ नये, म्हणून घासताना पृष्ठभाग ओला ठेवतात आणि योग्य मास्क लावतात. वार्निशचा एकच जाड थर देत नाहीत. पातळ थर द्यायचा, तो सुकला की हलके घासायचे आणि मग पुढचा थर द्यायचा. असे अनेक थर झाले, म्हणजे लाकडाचे उन्हापासून रक्षण होते.

इंजिनाकडेही तेवढेच लक्ष द्यावे लागते. ते थंड राहावे म्हणून त्यात पाणी खेळवणारा एक पंप असतो. इंजिन पाण्याबाहेर कोरडे चालवले, तर पंपातील रबरी चक्र लगेच खराब होते. गिअरचे तेल दुधासारखे पांढुरके दिसले, तर आत पाणी शिरले आहे असे ओळखावे. पेट्रोलच्या बाबतीत विशेष जपावे लागते. त्याची वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे होडीच्या तळाशी साचते. तिथे एक ठिणगी पडली, तरी स्फोट होऊ शकतो. म्हणून इंजिन सुरू करण्यापूर्वी होडीत मोकळी हवा खेळू देतात.

शेवटी होडी पाण्यात उतरवण्याचा दिवस येतो. फळ्यांच्या होडीत त्या दिवशी थोडे पाणी झिरपतेच. कोरड्या फळ्या हळूहळू फुगतात आणि एक-दोन दिवसांत सांधे बंद होतात. तोवर होडी किनाऱ्याला बांधून ठेवतात व आतील पाणी उपसत राहतात.

हे काम आपल्या कोकण किनाऱ्याला नवीन नाही. पावसाळ्यात मासेमारी बंद असते, तेव्हा होड्या किनाऱ्यावर ओढून घेतात. कोळी, मुसलमान आणि इतर मच्छीमार त्या दिवसांत होड्यांची डागडुजी करतात. आता कोकणातही फायबरच्या होड्या दिसतात, पण लाकडाची पारख असलेले जुने सुतार अजूनही आहेत.

नीट जपलेले लाकूड किती टिकते, याचे एक उदाहरण मुंबईचेच आहे. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्यातील कारागिरांनी मलबारच्या सागवानापासून ‘त्रिंकोमाली’ नावाची युद्धनौका बांधली. १८१७ साली ती पाण्यात उतरली. १९९० ते २००१ या काळात इंग्लंडमधील हार्टलपूल येथे तिची संपूर्ण दुरुस्ती झाली. ती आजही तिथे पाहता येते.

नौका मोठी असो वा लहान, दुरुस्तीचा नियम एकच आहे. रंग सर्वांना दिसतो, पण होडी तरते ती रंगाखालच्या कामावर. जो कारागीर न दिसणारे काम प्रामाणिकपणे करतो, त्याच्या होडीत माणूस निर्धास्तपणे बसतो.

शब्दार्थ
डागडुजी – किरकोळ दुरुस्ती
बोदा – पोकळ, दबका
पारख – चांगले-वाईट ओळखण्याची शक्ती
जिवावर बेतणे – प्राण धोक्यात येणे

स्वाध्याय
१. उघड्यावर ठेवलेली लाकडी होडी का कुजते?
२. फटीत पीळ फार घट्ट का भरत नाहीत?
३. ‘बंदर, जहाज, खलाशी’ हे शब्द मराठीत आणि उर्दूतही आहेत. असे आणखी पाच शब्द शोधून लिहा.