कुंकवाचा रंग आणि लॅपटॉपची स्क्रीन

रायपूरच्या गोल बाजारात पाऊल टाकताच प्रथम नजरेत भरतात ते रंग. पूजासाहित्याच्या दुकानांपुढे मांडलेले कुंकू, हळद आणि गुलाल, त्यांच्या शेजारी बांगड्या, मसाले, भांडी आणि लग्नसराईचे सामान. शहराच्या मध्यभागी असलेल्या या जुन्या बाजारात हिंदी आणि छत्तीसगढी यांच्या जोडीने अधूनमधून मराठीही कानी पडते. त्यात नवल नाही. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत रायपूर आणि नागपूर ही शहरे एकाच राज्यात होती व नागपूर ही त्या राज्याची राजधानी होती. त्याही आधी हा प्रदेश नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होता. त्यामुळे अनेक मराठी कुटुंबे येथे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आहेत.

अशाच एका कुटुंबाचे गोल बाजारात पूजासाहित्याचे छोटे दुकान आहे. मी रायपूर येथील शाखेत असताना, २०२४ च्या जून महिन्यात, ते गृहस्थ आपल्या मुलीला घेऊन माझ्या टेबलासमोर येऊन बसले. मुलीला ग्राफिक डिझाइनच्या अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला होता. त्यांच्या हातात लॅपटॉपचे ९२,००० रुपयांचे कोटेशन होते.

‘‘साहेब, दुकानदार म्हणतो, गेम खेळणाऱ्यांचा लॅपटॉप घ्या, डिझाइनला तोच लागतो. शिक्षणकर्जात बसेल ना हा?’’

मी उत्तर देण्याआधीच मुलगी म्हणाली, ‘‘काका, कर्जात बसेल हो, पण माझ्या कामात बसेल का, ते कोणीच सांगत नाही.’’

तिच्या या शंकेला एक कारण होते. आदल्या वर्षी तिने वडिलांच्या दुकानासाठी कुंकवाच्या पुडीचे लेबल तयार केले होते. घरच्या जुन्या लॅपटॉपवर लाल रंग फिका, विटकरीसारखा दिसे. म्हणून तिने तो वाढवत नेला. दोन हजार लेबले छापून आली तेव्हा कुंकवाचा लाल जांभळटाकडे झुकला होता. सगळी लेबले रद्दीत गेली. छापखान्याचा काही दोष नव्हता. स्क्रीनने तिला खरा रंग दाखवलाच नव्हता.

या कुटुंबाच्या निमित्ताने मी जी माहिती जमवली, ती आपल्या ग्राहकांपैकी अनेक पालकांना उपयोगी पडावी, म्हणून हा लेखप्रपंच.

प्रथम पाहावी ती स्क्रीन

लॅपटॉपच्या दुकानात विक्रेता प्रोसेसरचे नाव आधी सांगतो, ग्राफिक्स कार्डाचे त्यानंतर, आणि स्क्रीनबद्दल बहुधा ‘फुल एचडी आहे’ एवढेच. परंतु फुल एचडी हे केवळ स्क्रीनवरील बिंदूंच्या संख्येचे माप आहे. त्यावरून रंगांविषयी काहीच कळत नाही. रंगांसाठी दोन मापे प्रचलित आहेत. स्वस्त स्क्रीनच्या माहितीपत्रकात बहुधा ‘४५ टक्के एनटीएससी’ असे लिहिलेले असते. चांगल्या स्क्रीनच्या पत्रकात ‘१०० टक्के एसआरजीबी’ असे आढळते. संगणक आणि इंटरनेट यांच्यासाठी ठरलेल्या प्रमाण रंगांपैकी जेमतेम दोन तृतीयांश रंग पहिल्या प्रकारची स्क्रीन दाखवू शकते. दुसऱ्या प्रकारची स्क्रीन जवळपास सर्व रंग दाखवते. ‘७२ टक्के एनटीएससी’ असे लिहिले असेल, तर ते स्थूलमानाने १०० टक्के एसआरजीबीच्या बरोबरीचे समजावे.

त्या ९२,००० रुपयांच्या यंत्राची स्क्रीन ४५ टक्क्यांचीच होती! पैसा ग्राफिक्स कार्डात आणि दिव्यांच्या कीबोर्डात गेला होता. बोधचिन्हे, भित्तिपत्रके, पुस्तकांची मांडणी, पुड्यांची वेष्टने अशा द्विमितीय कामाला प्रोसेसरमध्येच अंतर्भूत असलेली ग्राफिक्सची सोय सहसा पुरते. स्वतंत्र कार्ड हवे ते त्रिमितीय ॲनिमेशनला किंवा मोठ्या प्रमाणावरील व्हिडिओ संपादनाला. अभ्यासक्रमात हे विषय आहेत का आणि कोणत्या वर्षी आहेत, हे महाविद्यालयात विचारून घ्यावे.

स्क्रीन आयपीएस किंवा ओएलईडी प्रकारची असावी, म्हणजे बाजूने पाहिले तरी रंग पालटत नाहीत. उजेड निदान ३०० निट असावा. एवढे करूनही एक मर्यादा उरतेच. स्क्रीन लाल, हिरव्या आणि निळ्या प्रकाशातून रंग घडवते, तर छापखाना चार शाईंतून. दोन्ही तंतोतंत एक कधीच होत नाहीत. म्हणून छपाईपूर्वी एक नमुना प्रत काढून पाहण्याची सवय विद्यार्थ्याने पहिल्याच वर्षी लावून घ्यावी. त्या लेबलांच्या बाबतीत एक नमुना प्रत काढली असती, तर दोन हजार प्रती वाचल्या असत्या.

मेमरी, साठवण आणि बाकीचे

स्क्रीनखालोखाल महत्त्व मेमरीला, म्हणजे रॅमला. ८ जीबीवर शिक्षणाची सुरुवात होते, पण चित्रसंपादन आणि पानांची मांडणी हे दोन्ही प्रोग्राम एकाच वेळी उघडले की यंत्र अडखळू लागते. १६ जीबी हे समाधानकारक प्रमाण. अनेक पातळ लॅपटॉपमध्ये मेमरी मदरबोर्डलाच जोडलेली असते व ती पुढे वाढवता येत नाही. तेव्हा ‘मेमरीसाठी रिकामा स्लॉट आहे का?’ हा प्रश्न विक्रेत्याला अवश्य विचारावा. स्लॉट असेल तर आज ८ जीबी घेऊन दोन वर्षांनी भर घालता येते. २०२५ च्या अखेरीपासून जगभर मेमरी चिपच्या किमती चढल्या असल्याने या प्रश्नाला आता अधिकच महत्त्व आले आहे.

साठवणीसाठी ५१२ जीबीची एसएसडी पुरेशी. त्याहून मोठी घेण्याऐवजी उरलेल्या पैशांतून एक बाहेरची हार्ड डिस्क घ्यावी आणि दर आठवड्याला कामाची प्रत तीत ठेवावी. यंत्र बिघडले तर दुसरे मिळते, परंतु चार वर्षांचे काम पुन्हा मिळत नाही.

प्रोसेसर मधल्या श्रेणीचा चालतो. वजन मात्र हातात धरून पाहावे, कारण ते ओझे रोज पाठीवर वाहायचे असते. रायपूर किंवा विदर्भासारख्या ठिकाणी, जिथे मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांपर्यंत जातो, तिथे लॅपटॉप गादीवर ठेवून वापरू नये. खालची हवेची वाट बंद झाली की यंत्र तापते आणि आपला वेग आपणच कमी करते.

सॉफ्टवेअरचा खर्चही आधीच हिशोबात धरावा. नावाजलेले प्रोग्राम वार्षिक वर्गणीवर मिळतात व विद्यार्थ्यांना सवलत असते. काही महाविद्यालये आपल्या प्रयोगशाळेत ते उपलब्ध करून देतात. इंकस्केप, गिम्प, क्रिटा आणि स्क्रायबस हे प्रोग्राम मोफत आहेत आणि कायदेशीरही. चोरून घातलेल्या प्रोग्रामबरोबर व्हायरस येण्याचा धोका असतो, आणि त्याच लॅपटॉपवरून घरातील कोणी नेट बँकिंग करत असेल तर तो धोका थेट खात्यापर्यंत पोहोचतो.

पैशांचे गणित

शिक्षणकर्जाच्या आदर्श योजनेत, अभ्यासक्रमासाठी आवश्यक असल्यास, वाजवी किमतीच्या संगणकाचा समावेश होऊ शकतो. त्यामुळे त्या गृहस्थांच्या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ असेच होते. तरीही मी त्यांना कागदावर एक आकडेमोड करून दाखवली.

समजा, लॅपटॉपसाठी ६०,००० रुपयांचे कर्ज १० टक्के दराने घेतले. चार वर्षांचा अभ्यासक्रम आणि त्यानंतरचे एक वर्ष परतफेड सुरू होत नाही, पण सरळव्याज मात्र चढत राहते. वर्षाला ६,००० याप्रमाणे पाच वर्षांत ३०,००० रुपये. म्हणजे परतफेडीचा पहिला हप्ता येतो तेव्हा देणे ९०,००० रुपयांचे झालेले असते. पुढे ते पाच वर्षांत फेडायचे तर महिना सुमारे १,९१२ रुपये. तोवर लॅपटॉप बहुधा जुना होऊन बाजूला पडलेला असतो. यंत्र संपते आणि कर्ज उरते! याउलट, शिक्षण चालू असताना महिना ५०० रुपये व्याज भरत गेल्यास देणे ६०,००० वरच थांबते आणि हप्ता सुमारे १,२७५ रुपयांवर येतो. असे व्याज नियमित भरणाऱ्यांना काही बँका दरात सवलतही देतात. आपल्या शाखेत त्याची चौकशी करावी.

त्याहूनही बरा मार्ग म्हणजे मूल अकरावीत जाताच आवर्ती ठेव सुरू करणे. महिना २,००० रुपये, २४ महिने, ६.५ टक्के दराने सुमारे ५१,००० रुपये हाती येतात. कर्ज फीसाठी ठेवावे आणि लॅपटॉप शक्यतो बचतीतून घ्यावा.

‘बिनव्याजी हप्ते’ या पाटीविषयीही दोन शब्द. रोखीने घेतल्यास जी सूट मिळते, ती हप्त्यांत घेतल्यास बहुधा मिळत नाही. प्रक्रिया शुल्क आणि त्यावरील जीएसटी निराळा. अशा योजनांत व्याज प्रत्यक्षात लपवले जाते, म्हणून रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच शून्य टक्के व्याजाच्या योजनांविषयी बँकांना मनाई केली होती. रोखीची किंमत आणि हप्त्यांची एकूण बेरीज शेजारी शेजारी लिहून काढावी, म्हणजे खरे काय ते कळते.

व्यापारी पालकांना आणखी एक सूचना. लॅपटॉपवर १८ टक्के जीएसटी आहे. दुकानाच्या नावे बिल करून हा कर परत मिळवावा, असा सल्ला बाजारात सहज दिला जातो. ती सोय धंद्यासाठी वापरायच्या वस्तूला आहे, मुलांच्या शिक्षणासाठी घेतलेल्या वस्तूला नाही.

खरेदीचा दिवस

मुलीने घाई केली नाही. पहिल्या सत्रात रेखाटन, अक्षरलेखन आणि रंगकाम बहुतेक हातानेच होते, असे तिला महाविद्यालयातून कळले. तोवर तिने घरचा जुना लॅपटॉप वापरला. ही वाट पाहणे वाया जात नाही. विंडोजमधील ‘मंगल’ हा देवनागरी फाँट ज्यांनी घडवला, त्या र. कृ. जोशी यांचा हातही आधी लेखणी आणि कुंचल्यावरच घडला होता.

दिवाळीत ती वडिलांसह खरेदीला गेली, तेव्हा तिच्या पिशवीत दोन वस्तू होत्या : सुधारलेल्या लेबलाची फाइल असलेला पेन ड्राइव्ह आणि त्याच लेबलाची छापील पुडी. प्रत्येक लॅपटॉपवर ती फाइल उघडायची आणि पुडी स्क्रीनशेजारी धरायची. तीन यंत्रांवर कुंकू विटकरी दिसले. चौथ्यावर ते कुंकवासारखे दिसले. १६ जीबी मेमरी, ५१२ जीबी एसएसडी, १०० टक्के एसआरजीबी. किंमत ६४,००० रुपये. कोटेशनपेक्षा २८,००० रुपये कमी. त्या बचतीतून वाढीव वॉरंटी, हार्ड डिस्क आणि चित्रे काढण्याचा छोटा पेन टॅबलेट घेऊनही काही रक्कम खात्यात शिल्लक राहिली.

पुढे एकदा ते गृहस्थ पासबुक भरायला आले असता मी लॅपटॉपची चौकशी केली. ते हसून म्हणाले, ‘‘साहेब, आम्ही जन्मभर कुंकू विकतो. गिऱ्हाईक चिमूटभर घेऊन तळहातावर चोळून बघतं, मगच पुडी बांधायला सांगतं. पोरीनं तेच केलं.’’